सामानाची बांधाबांध

प्रवासाला निघणाऱ्या घरात बहुधा दोन पक्ष असतात. ‘हेही असू द्या, कदाचित लागेल’ असे म्हणत पेटी भरणारा एक, आणि ती पेटी उचलणारा दुसरा. हे दोन पक्ष निरनिराळे आहेत तोवर ओझे कमी व्हावयाचे नाही. सामान ज्याने उचलावयाचे त्यानेच ते बांधावे, एवढे पथ्य पाळले तर बांधाबांधीची निम्मी विद्या आपोआप हस्तगत होते.

जालना जिल्ह्यातील माणसाला प्रवास नवा नाही. पूर्वी पंढरपूरला वा काशीला जाणारा यात्रेकरू वळकटी, तांब्या आणि शिदोरी घेऊन निघे. धर्मशाळेत उघड्या फरशीवाचून काही मिळेल याची शाश्वती नसे. तेव्हा सर्व काही बरोबर घेणे हेच शहाणपण होते. आज याच जिल्ह्यातील काही कुटुंबे समृद्धी महामार्गाने किंवा आगगाडीने मुंबई गाठतात आणि सुटीसाठी दुबई, सिंगापूर वा ऑस्ट्रेलियाला जातात. जेथे उतरावयाचे तेथे अंथरूण, पांघरूण, साबण सारे तयार असते. तरीही पेटीत चादरी जातात, आणि चार दिवसांसाठी दहा पोशाख जातात. जुने कारण गेले, सवय मात्र राहिली.

थोरांच्या सहवासातही ही सवय सुटत नाही. १९३१ साली महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ जहाजाने मुंबईहून विलायतेस निघाले. सोबतच्या मंडळींनी कितीतरी पेट्या भरून आणल्या होत्या; त्यांत स्नेह्यांनी आग्रहाने दिलेल्याही होत्या. गांधीजींनी सामानाचा हिशेब मागितला आणि अनावश्यक पेट्या एडनहून परत पाठवावयास लाविल्या. स्नेह्यांचा आग्रह मोडवत नाही, ही अडचण खरी. परंतु आग्रह करणारा निरोप देऊन घरी परततो आणि पेटी प्रवाशाच्या हाती राहते.

विमानप्रवासाने या कामी एक कठोर परीक्षक बसविला आहे, तो म्हणजे तराजू. हातातली पिशवी बहुधा ७ किलोंपर्यंतच चालते. भार अधिक झाला तर पैसे भरावे लागतात, नाही तर चारचौघांदेखत पेटी उघडून बसावे लागते; घरीच वजन करून पाहणे त्याहून सोपे. जड वस्तू चाकांच्या बाजूस ठेवाव्या, बुटांच्या पोकळीत मोजे बसवावे. पारपत्र, औषधे व कपड्यांचा एक जोड हाताशी असावा, कारण मोठी पेटी कधी कधी दुसऱ्याच गावी पोहोचते. पॉवर बँक मोठ्या पेटीत घालण्यास मनाई आहे, ती उगीच नव्हे. तिने पेट घेतला तर सामानाच्या कोठडीत तो कोणाला दिसणार? उलट, १०० मिलिलिटरांहून मोठ्या बाटल्या बहुतेक विमानतळांवर हातातल्या पिशवीत चालत नाहीत, आणि तूप व लोणचे यांची गणनाही तेथे द्रवातच होते.

जालन्याच्या प्रवाशाला सर्वांत जड जाते ते मोसंबी मागे ठेवणे. परदेशातील नातवासाठी बागेतली चार मोसंबी न्यावी, त्याच्या परसात लावावयास घरचे बियाणे न्यावे, असे आजीला वाटणे स्वाभाविक आहे. मोसंबी आणि बियाणे या दोहोंनीच तर जिल्ह्याचे नाव दूरवर नेले. परंतु ऑस्ट्रेलियासारखा देश नेमक्या याच वस्तू सीमेवर अडवितो. फळात फळमाशीची अळी असू शकते, बियाण्याबरोबर रोग वा तण जाऊ शकते, आणि एकदा शिरलेली कीड सहसा बाहेर निघत नाही. लपवून नेणाऱ्यास जबर दंड होतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पोखरलेली कपाशी ज्याने पाहिली आहे, त्याला तरी हा नियम जाचक वाटू नये.

या जिल्ह्यात बांधाबांधीत सर्वांत निष्णात कोण, असे विचारले तर मात्र बोट विमानाकडे जाणार नाही. मंठा, परतूर, घनसावंगी या भागांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाच-सहा महिन्यांचा संसार एका ट्रॉलीत बसवितात. धान्य, काठवट, हंडे, पाल, कोयते. निरुपयोगी वस्तू एकही नाही. तळावर उतरताच चूल पेटवावयाची असते, म्हणून तवा, पीठ व काडेपेटी सर्वांत वर. येथे बांधणारी आणि उचलणारी बाई एकच असते. तिच्या कसबाचे कौतुक करावे, परंतु ते टंचाईने शिकविलेले आहे हे विसरू नये. सुटीला जाणारा काय न्यावे याची निवड करतो. तिला ती मुभा नसते. तिच्या गाठोड्यात मुलाचे दप्तर चढते तेव्हा मूलही वर्गातून उठलेले असते. गावात हंगामी वसतिगृह चालू असेल, तर मूल व दप्तर दोन्ही शाळेपाशी राहू शकतात. त्या वसतिगृहाचे दार ट्रॉली निघण्यापूर्वी उघडले पाहिजे. महिन्याभराने उघडले तर तोवर दप्तर कारखान्याच्या तळावर पोहोचलेले असते.