शाळेच्या छपराला मतदाराची संमती

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेचे छप्पर कोसळून सात मुले दगावली आणि देशभर शाळा-इमारतींच्या तपासणीचे आदेश सुटले. महाराष्ट्राला असे आदेश नवे नाहीत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडी येथे पावसात वर्ग कोसळून तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला, तेव्हाही याद्या मागवण्यात आल्याच होत्या. यादी तयार होणे आणि वर्गखोली उभी राहणे यांत मात्र मोठे अंतर असते. हे अंतर कसे पडते, हे नागपूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या काठी वसलेल्या कुहीसारख्या तालुक्यातून पाहिले म्हणजे नीट कळते.

जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली शिकस्त झाली, तर मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवतात. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून जिल्हा परिषदेत जातो. जुन्या खोलीचे निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय ती पाडता येत नाही आणि ती पाडल्याशिवाय त्या जागी नवी बांधता येत नाही. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता. पैसा समग्र शिक्षा अभियानातून येणार, जिल्हा नियोजन समितीतून येणार की जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, हे वेगळ्याच टेबलावर ठरते. या साऱ्या प्रवासात एका माणसाला कोठेही विचारले जात नाही. ज्याचे मूल त्या छपराखाली बसते, तो हा माणूस.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवतात. तेथील शाळा-मंडळ इमारतींसाठी रोखे काढू पाहते, तेव्हा त्या भागातील मतदारांसमोर ठराव ठेवते. अमुक शाळांची अमुक कामे करायची आहेत, त्यासाठी मालमत्ता करात इतकी वाढ होईल, मान्य आहे काय? कॅलिफोर्नियात अशा ठरावाला पूर्वी दोन-तृतीयांश मते लागत. २००० साली ती अट, काही जबाबदाऱ्यांसह, ५५ टक्क्यांवर आणली गेली. त्याच राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी शाळा-इमारतींसाठी दहा अब्ज डॉलरचे राज्यस्तरीय रोखेही मंजूर केले.

हा मार्ग कुहीला चालेल काय? उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण कर्ज फेडण्याच्या ऐपतीत आहे. रोखे आपल्याकडे अपरिचित नाहीत. नागपूर महापालिकेने २००१ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ५० कोटींचे रोखे काढले होते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणी योजनेसाठीच २०० कोटी उभे केले. परंतु या दोन्ही संस्थांकडे मालमत्ता कर आहे, पाणीपट्टी आहे. जिल्हा परिषदेकडे काय आहे? १९६१ च्या कायद्याने तिला जमीन महसुलावरील उपकर दिला. तो महसूलच आज इतका नाममात्र उरला आहे, की त्यावरील उपकरातून एखादी भिंत रंगवता येईल, इमारत नव्हे. गावातील घरपट्टी ग्रामपंचायत घेते. धान आणि मिरचीवर जगणाऱ्या, ओलिताची शाश्वती नसलेल्या तालुक्याच्या भरवशावर रोखे कोण विकत घेणार?

म्हणून कुहीचा माणूस शाळेसाठी काहीच देत नाही, असे मात्र नाही. २००४ पासून केंद्रीय करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लागला. २०१८ पासून आयकरावर आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के उपकर आहे. नागपूरकरांच्या मालमत्ता कराच्या देयकात १९६२ च्या कायद्याने आलेला ‘शिक्षण कर’ दरवर्षी छापून येतो. तो राज्याच्या तिजोरीत जातो हे किती जणांना ठाऊक असते? याखेरीज २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून लोकसहभागाचा गजर सुरू झाला आणि शाळा ‘डिजिटल’ करण्यासाठी गावोगावी वर्गणी झाली. वर्गणीतून फळे रंगले, पडदे आले. गळके छप्पर वर्गणीच्या आवाक्याबाहेरचे होते.

याच प्रांतात एकदा गावाच्या बळावर शाळा चालवण्याचा प्रयोग झाला होता. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावाने किंवा दात्याने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून शाळेचा आणि शिक्षकाचा खर्च निघावा, अशी तिची रचना होती. नावावरून मुस्लिम लीगशी वाद पेटला, १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. तिच्यात दोष पुष्कळ होते. ज्या गावात जमीनदार उदार नाही तेथे शाळाच नाही, हा त्यांतला सर्वांत मोठा.

तोच दोष २०२३ च्या ‘दत्तक शाळा’ योजनेत नव्या वेशात परतला आहे. ग्रामीण शाळेसाठी ५० लाख देणाऱ्याचे नाव पाच वर्षे, एक कोटी देणाऱ्याचे दहा वर्षे शाळेला जोडता येते. दाता कोठे जाईल? रस्त्यालगतच्या, छायाचित्रात शोभणाऱ्या शाळेकडे. आंभोऱ्याच्या पलीकडे आडबाजूच्या पुनर्वसित गावाची वाट त्याला सापडणे कठीण. गोसीखुर्द प्रकल्पाच्या फुगवट्याने कुही तालुक्यातील गावे उठवली, तेव्हा नव्या गावठाणातील नागरी सुविधांच्या यादीत शाळा होतीच; पण ती कशी असावी याचा निर्णय उठलेल्या गावाकडे कधी आलाच नाही.

मतदारांच्या संमतीचा विचार येथेच उपयोगी पडतो. रोख्यांचा नव्हे, संमतीचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि तोच सरकारी अनुदानाचा आधार मानायचा असतो. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. प्रत्यक्षात हा आराखडा बहुधा एक रकाने भरलेला कागद ठरतो, कारण तो नाकारला तर कारण द्यावे लागेल असे बंधन कोणावरही नाही. तो ग्रामसभेत गुप्त मतदानाला टाकला तर? गावाला हे नवे नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रातील खेड्यांत बायकांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्के मारले आहेत, २००८ च्या नियमांप्रमाणे एक-चतुर्थांश मतदारांनी मागणी केली की शासनाला मतदान घ्यावे लागते. दुकान बंद करायला गावाचे मत चालते, मग शाळा बांधायला का चालू नये?

यातही एक अडचण आहे. मत देणाऱ्याने काही पदरचेही घालावे, तरच त्याचा कौल गंभीर मानला जातो. १९६१ च्या कायद्यात पंचायत समितीला उपकर वाढवून मागण्याची तरतूद आहे; तिचा आधार घेऊन गावाने नाममात्र वाटा उचलावा आणि उरलेली रक्कम राज्याने घालावी, असे सूत्र बसवता येईल. गाव जितके गरीब तितका राज्याचा वाटा मोठा, ही अट त्यात लिहूनच घ्यावी लागेल. अमेरिकेतही श्रीमंत वस्तीचे ठराव सहज मंजूर होतात आणि गरीब वस्तीच्या शाळा मागे राहतात, ही तेथील जुनी तक्रार आहे.

तूर्त गावाचा कौल पोहोचवणारी दारेही एकेक करून बंद होत गेली. नागपूर जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. खोल्यांच्या याद्या तेव्हाही निघाल्याच. त्या याद्यांवर आपल्या गावाचे नाव कितव्या क्रमांकावर आहे, हे विचारायला कुहीच्या पालकाला आपला सदस्य उरला नव्हता.