घोड्याची चंदी बैलाच्या मापाने नको

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद तालुक्यात जनावर म्हटले की बैल, गाय व म्हैस हीच प्रथम डोळ्यांपुढे येतात. घोडा संख्येने थोडा. वरातीची घोडी बाळगणारी कुटुंबे व तट्टावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरणारे मेंढपाळ यांच्याकडेच तो प्रामुख्याने दिसतो. देशातही घोडे व तट्टे यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.२ लाख होती, ती २०१९ मध्ये ३.४ लाखांवर आली. इतक्या थोड्या जनावरांसाठी स्वतंत्र विचार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या भूमिहीन कुटुंबाची लग्नसराईतील मिळकत एका घोडीवर अवलंबून असते, त्याचे सारे भांडवल ती घोडीच होय. ते भांडवल बैलाच्या मापाने चारले जाऊ नये, हे आवर्जून सांगणे अगत्याचे आहे.

बैल व घोडा दोघेही वैरण खातात. पण त्यांच्या पोटाची रचना सर्वस्वी भिन्न आहे. बैलाने खाल्लेले प्रथम मोठ्या पोटात जाते. तेथील सूक्ष्म जंतू हलक्या चाऱ्यावर वाढतात, आणि पुढे लहान आतड्यात त्या जंतूंचेच पचन होऊन बैलास उत्तम प्रथिने मिळतात. म्हणूनच युरियाची प्रक्रिया केलेला कडबा बैलास मानवतो. घोड्याचे जठर लहान असून त्याच्या प्रथिनांचे खरे पचन लहान आतड्यातच होते. जंतूंचे कार्य त्यानंतर, मोठ्या आतड्यात चालते. तेथे तंतूंपासून ऊर्जा मिळते. परंतु जंतूंनी बनविलेल्या प्रथिनांचा फार मोठा भाग लिदीबरोबर बाहेर पडतो. बैलाच्या पोटातील कारखाना पुढच्या दारी आहे, घोड्याचा परसदारी. यास्तव घोड्यास युरियापासून लाभ नाही. त्यास चांगली प्रथिने प्रत्यक्ष खाद्यातूनच मिळावयास हवीत.

चांगली म्हणजे कोणती? प्रथिने अनेक अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतील लायसिन हे आम्ल घोड्यास बहुधा सर्वप्रथम कमी पडते. सुमारे ३५० किलो वजनाच्या, फारसे श्रम नसलेल्या घोड्यास दररोज साधारणपणे ४४० ग्रॅम प्रथिने व १९ ग्रॅम लायसिन लागते. ६ किलो ज्वारीच्या कडब्यातून सुमारे २४० ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेल्या २०० ग्रॅमसाठी १ किलो हरभरा पुरतो. तेवढीच प्रथिने २ किलो ज्वारीतूनही मिळतील. परंतु हरभऱ्यात लायसिन सुमारे १३ ग्रॅम, तर त्या ज्वारीत जेमतेम ४ ग्रॅम. हरभरा भिजवून चंदी देण्याची जुनी चाल शास्त्राच्या कसोटीस उतरते, ती अशी. कडब्यातील सर्वच प्रथिने पचत नसल्याने थोडा लसूणघास जोडल्यास अधिक बरे.

हरभरा महाग वाटल्यास सोयाबीनची पेंड उपयोगी पडते. अर्धा किलो पेंडीतून १ किलो हरभऱ्याइतकी प्रथिने मिळतात व लायसिनही भरपूर असते. सोयाबीन कच्चे मात्र देऊ नये. त्यातील एक घटक प्रथिनांचे पचन रोखतो व तो योग्य उष्णतेनेच निकामी होतो. बैलांच्या गव्हाणीतील सरकीची पेंड त्यामानाने लायसिनमध्ये हीन असते.

याउलट, प्रथिने जितकी अधिक तितकी ताकद अधिक, हा समजही सोडावयास हवा. श्रमासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः वैरण व धान्यातून येते. गरजेपेक्षा जास्त प्रथिनांचा शरीर साठा करीत नाही. त्यातील नत्र युरियाच्या रूपाने मूत्रावाटे टाकले जाते. घोडा पाणी अधिक पितो, मूत्र वाढते, तबेल्यात अमोनियाचा उग्र दर्प साचतो व तो फुप्फुसांस अपाय करतो. तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. जेथे गोड्या पाण्याची आधीच चणचण, तेथे पैसे खर्चून जनावराची तहान वाढविणे शहाणपणाचे नव्हे. वाढत्या शिंगरास व दुभत्या घोडीस मात्र हात आखडता घेऊ नये. व्यालेल्या घोडीची प्रथिनांची गरज आरंभी दुपटीहून अधिक होते.

एक धोका तर जिवावरचा आहे. गाईगुरांच्या व कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरांना सोसणारी त्याची मात्रा घोड्याचे हृदय निकामी करू शकते. असे खाद्य घोड्यापुढे चुकूनही ठेवू नये.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची पारख चाल, रंग व भोवरे पाहून केली जाते. घरी आणल्यावर त्याची चंदीही तितक्याच पारखीने ठरविली पाहिजे. पशुसंवर्धनाच्या मेळाव्यात ‘जनावरांचा आहार’ असा सरसकट विषय न ठेवता घोड्याच्या आहारास वेगळी पाच मिनिटे दिली, तरी पुष्कळ काम होईल. अश्वपालकांनीही चंदी वजन करून, दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावी आणि खाद्यात बदल करणे झाल्यास तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. खर्च वाढविण्याची गरज नाही. तो योग्य दाण्यावर व्हावा, एवढेच पुरे.