प्रदक्षिणेचा बेत

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन बेत ठरतात. एक फराळाचा. तो सौभाग्यवतीच्या हाती असल्यामुळे तडीस जातो. दुसरा हिवाळी सहलीचा. तो माझ्या हाती असतो आणि बहुधा चिवड्याबरोबरच संपतो.

यंदा मात्र तो मोडण्याची सोय नाही. आईचे माझ्याकडे एक येणे आहे.

२०२४ च्या पावसाळ्याअखेर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. वर्तमानपत्रातले जांभळ्या उताराचे चित्र कापून आईने दिनदर्शिकेला टाचून ठेवले. आम्ही गोरेगावात राहतो, म्हणजे ते डोंगर आमच्या गॅलरीतून दिसतात. पण तिचे गुडघे, माझे पेपर आणि वर पाऊस! "पुढच्या वर्षी जाऊ, आई," असे मी सहज म्हणून गेलो. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ नंतर २०२४ आणि आता एकदम २०३२, ही माहिती मला माझ्या मुलीने दिली. तीही आईच्या देखत. आई तेव्हा पंचाहत्तर वर्षांची होती. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे मी त्र्याऐंशीची. बघू." त्या 'बघू'पुढे मला काही बोलता येईना.

पुढे कळले की कारवी फुलून, बी धरून मरते. वाळलेली बोंडे पावसाच्या पहिल्या सरींनी तडतड फुटतात, बी दूर उडते, आणि वाळक्या काटक्यांच्या बुडाशी नवी रोपे उगवतात. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "फुलं राहिली तर राहू देत. पोरं तरी बघून येऊ."

तेव्हापासून मी झपाटल्यासारखा बेत करतो आहे. हे उद्यान शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे. आतल्या काही रानवाटांना परवानगी आणि सोबत माहीतगार लागतो; त्या आपल्या नव्हेत. आमच्यासारख्या कुटुंबाला झेपेल अशी वाट कान्हेरीच्या डोंगराची. दरवाजापासून लेण्यांपर्यंतची सहाएक किलोमीटरांची डांबरी सडक गाडीने जायची आणि मग लेण्यांच्या कडेकडेने चढून, माथ्यावरून वळून, दुसऱ्या अंगाने खाली यायचे. ही एक प्रदक्षिणाच. जुन्या शिलालेखांत या डोंगराचे नाव 'कण्हगिरि' आहे. आपला कान्हा याच 'कण्ह'चा नातू, हे मी घरात तीनदा सांगून झालो. चौथ्यांदा कोणी ऐकले नाही.

प्रदक्षिणेत एक गोम आहे. जाऊन त्याच वाटेने परतायचे असेल तर पाय दुखू लागताच मागे वळता येते. वर्तुळाचे तसे नाही. अर्धे ओलांडले की मागे वळणे आणि पुढे जाणे सारखेच. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका टेकडीवर मला हे कळले. आई ऐन मध्यावर एका दगडावर बसली, संध्याकाळ झाली, आणि "आता थोडंच राहिलंय" हे वाक्य मी अकरा वेळा म्हटले. अकरा हा आकडा तिचा.

म्हणून भाद्रपदात, पाऊस उघडल्यावर, मी एकटाच कान्हेरीला जाऊन आलो. लेणी शंभरावर. पण या खेपेस मी शिल्पे पाहिली नाहीत, बसायच्या जागा पाहिल्या. भिक्षूंनी ठिकठिकाणी दगडी ओटे कोरून ठेवले आहेत. कोणी ध्यानाला कोरले असतील, कोणी निजायला. सांधेदुखीच्या माणसाला त्याहून चांगली सोय आजवरच्या कोणत्याही बागेत मला आढळलेली नाही. लेण्याबाहेर पाण्याची टाकी आहेत. लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. ते पाणी आता पिण्याचे नव्हे, पण त्यात डोकावणे ही आईची विश्रांती ठरेल. मी वहीत प्रत्येक ओटा मांडला, दोन ओट्यांमधल्या पायऱ्या मोजल्या, आणि माझ्या वेळेची दुप्पट धरली. चढ दमवतो, पण गुडघे धरतो तो उतार. तेव्हा कोरीव पायऱ्या जिथे उभ्या आहेत त्या बाजूने चढायचे आणि सौम्य बाजूने उतरायचे. माथ्याच्या अलीकडे एक ओटा निवडला आहे. तिथे पोहोचल्यावर पुढे जायचे की मागे, हे आई ठरवील. मी नव्हे.

बाकीचे थोडक्यात. सोमवारी उद्यान बंद असते आणि रविवारी अर्धी मुंबई तिथे असते. सकाळी लेणी उघडताच चढायला लागायचे आणि दुपारच्या आत खाली यायचे. या रानात बिबटे आहेत, आणि तिन्हीसांजेनंतरचा वेळ त्यांचा. प्लास्टिकला मज्जाव आहे, म्हणून पाणी स्टीलच्या बाटल्यांतून. चकल्या नेण्यावरून वाद झाला. माकडांना डब्याच्या झाकणाचा आवाज माणसांपेक्षा लवकर कळतो, तेव्हा खाणे खाली उतरल्यावरच, असे ठरले. आईने चार लाडू पदरात बांधून नेण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

माथ्यावर एका अंगाला रान दिसते आणि दुसऱ्या अंगाला उंच इमारतींची रांग. वळणापाशी, जुन्या कारवीच्या काटक्यांत, मला ती रोपे दिसली. वीतभर उंचीची, खरबरीत पानांची. मी एकही उपटून आणले नाही. आईने तशी ताकीदच दिली होती.

सध्या ती सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या आवाराला फेऱ्या घालते. पायऱ्यांचा सराव दोन मजल्यांवरून तीनवर गेला आहे. डॉक्टरांची हरकत नाही, फक्त काठी हवी. काठी नको म्हणून आठवडाभर रुसली. परवा मुलीने सांगितले, "आजी, डोंगरावर सगळेच काठी घेतात." तेव्हा म्हणाली, "मग यालाही एक आणा."

दोन काठ्या दाराआड उभ्या आहेत. दिनदर्शिकेवर डिसेंबरातल्या एका मंगळवाराभोवती आईने पेन्सिलीने गोल काढला आहे. रजेचा अर्ज मी काल दिला.