फळीचा भार पेलणार कोण?

नव्या घरात सामान लागते न लागते तोच स्वयंपाकघरात एक फळी हवी, अशी मागणी येते. सुतार 'उद्या येतो' म्हणतो आणि आठवडा उलटतो. मग शेजाऱ्यांचे ड्रिल मशीन मागून आणून घरातले कर्ते स्वतःच कामाला लागतात. तासाभरात फळी बसते, दिसतेही झकास. डाळ-तांदळाचे डबे वर चढतात. आणि महिना-दोन महिन्यांनी एका रात्री धाडकन आवाज होतो. रात्री पडली म्हणून निभावले. सकाळी त्याच फळीखाली पोळ्या लाटल्या जातात.

अशा वेळी दोष फळीला दिला जातो. खरा दोष बहुधा स्क्रूच्या लांबीत असतो. घरातल्या भिंतीवर साधारण 12 ते 15 मिलिमीटर जाडीचा गिलावा असतो. गिलावा भिंत झाकतो, भार पेलणे त्याचे काम नाही. सव्वा इंची स्क्रू लावला तर त्यातला निम्मा गिलाव्यातच संपतो आणि विटेत जेमतेम अर्धा इंच पोचतो. वजनदार फळीसाठी निदान दोन इंची स्क्रू हवा. प्लॅस्टिकचा प्लगही (काही दुकानांत त्याला गिट्टी म्हणतात) गिलावा ओलांडून विटेत जायला हवा.

फळीवरचे वजन नुसते खाली दाबते, असे वाटते. तसे नाही. ते फळीला पुढच्या बाजूने खाली वळवू पाहते, त्यामुळे ब्रॅकेटचा वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. समजा, 20 किलोचे डबे भिंतीपासून 12 सेंटिमीटरवर आहेत आणि ब्रॅकेटची उभी बाजू 15 सेंटिमीटर आहे. मग वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे 16 किलोची ओढ पडते. तेच डबे 24 सेंटिमीटरवर, म्हणजे कडेला सरकवले, तर ओढ दुप्पट. म्हणून ब्रॅकेटच्या बाजू लहान-मोठ्या असतील तर मोठी बाजू भिंतीवर घ्यावी. पुष्कळ जण नेमके उलटे करतात, कारण मोठी बाजू फळीखाली शोभते! तेलाचा 15 किलोचा डबा तर फळीवर चढवूच नये, त्याची जागा जमिनीवर.

भोक पाडण्याआधी भिंत बोटांनी वाजवून पाहावी. ढब ढब असा पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला आहे, जागा बदलावी. भोकातून लाल भुकटी आली की वीट लागली. टोक अगदी सहज घुसू लागले तर ते दोन विटांमधल्या सांध्यात गेले असावे, भोक थोडे वर किंवा खाली घ्यावे. भुकटी राखाडी आणि मशीन पुढे सरकेना, तर काँक्रीट आहे. तिथे हॅमर ड्रिल लागते. लोखंडी सळई लागल्यास जोर न लावता जागा सोडावी. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठीचे वेगळे प्लग मिळतात. जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंतीत मात्र प्लग धरत नाही. तिथे जमिनीवर उभी राहणारी मांडणीच बरी.

सर्वांत मोठा धोका दिसत नाही, कारण तो भिंतीच्या आत असतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली, तसेच दोन बोर्डांच्या मधल्या आडव्या रेषेत वायरी असू शकतात. तिथे भोक पाडू नये. नळाच्या वर-खालीही तोच नियम. साधा टेस्टर गिलाव्याआडची वायर दाखवत नाही, त्यावर विसंबू नये. त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करावा आणि दुसऱ्या खोलीचे सर्किट वेगळे असेल तर मशीनसाठी तिथून वायर ओढावी. एमसीबी वायरिंगला वाचवते. माणसाला शॉकपासून वाचवायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. ती घरात आहे का, हे आधी पाहावे. पायात रबरी चपला, डोळ्यांवर चश्मा हवा. पदर खोचावा, केस बांधावेत.

ब्रॅकेटच्या खुणा करताना डोळ्यांवर भरवसा नको. गवंड्याची पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरावे; दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहते. जेवढे खोल जायचे तेवढ्या अंतरावर ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी. प्लग बसवण्याआधी सायकलच्या पंपाने भुकटी उडवावी, नाहीतर प्लग पूर्ण आत जात नाही.

भोक मोठे झाले की काडेपेटीच्या काड्या कोंबायची खोड घरोघरी आहे. काड्या सुकून आकसतात, दमटपणाने मऊ पडतात आणि फळी सैल होते. त्यापेक्षा जाड प्लग आणि त्याला साजेसा जाड स्क्रू घ्यावा, किंवा भोक सिमेंटने बुजवून दोन इंच बाजूला नवे पाडावे.

फळी बसली की पहिल्या दिवशी निम्मेच सामान ठेवावे आणि ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारावी. दुसऱ्या दिवशी रेघ आणि ब्रॅकेट यांत फट दिसली तर सगळे उतरवावे. बाळाच्या पाळण्यावर किंवा अंथरुणाच्या डोक्याशी मात्र फळी कितीही पक्की असली तरी लावू नये.