एकाच बाकावरचे दोघे

दसऱ्याच्या कार्यक्रमानंतर चहा घेता घेता मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, मनात कोणाविषयी आकस नसताना, विचारले की, ज्या देशाची स्वतःची माणसे स्टेशनच्या दाराशी पुठ्ठ्यावर निजतात, त्या देशाने परक्यांना हॉटेलांत ठेवावे, हा कुठला न्याय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि ब्रिटनच्या या भूमीत तो जुनाही आहे. १९४६ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांसह हजारो बेघर ब्रिटिश कुटुंबांनी ओस पडलेल्या लष्करी छावण्यांचा ताबा घेतला, तेव्हा तशाच छावण्यांतून पोलिश निर्वासितांच्या वास्तव्याची तजवीज चालली होती, आणि 'आधी आमचे पाहा' हा सूर त्याही वेळी उमटला होता.

पुढे या देशात आलेल्या त्या पोलिश कुटुंबांपैकी कित्येक आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याहून आली होती, हे आपल्यातील फारच थोड्यांना ठाऊक असेल. रशियातील हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे ५००० पोलिशांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, वळिवड्याच्या छावणीने १९४३ ते १९४८ या काळात आसरा दिला. ते गेल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच जागी येऊन राहिली आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले.

त्या ज्येष्ठांचा प्रश्न ऐकताना मला एक प्रसंग आठवला. एका हिवाळ्यात एका वृद्ध मराठी बाईंच्या कामासाठी मी स्थानिक काउन्सिलच्या गृहनिर्माण विभागाच्या कचेरीत गेलो होतो. बाकावर एक सुदानी तरुण होता. आश्रयाचा अर्ज मंजूर झाला, म्हणूनच गृहखात्याने (होम ऑफिसने) दिलेली खोली २८ दिवसांत खाली करण्याचा हुकूम त्याच्या हाती पडला होता. शेजारी साठीचा एक इंग्रज सफाई कामगार बसला होता. घरमालकाने घर विकायला काढल्यामुळे त्याला दोन महिन्यांची नोटीस मिळाली होती. दोघांनीही आपापला कागद प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवला होता, आणि दोघांना एकाच खिडकीवरून एकच उत्तर मिळाले : तूर्त घर शिल्लक नाही.

आश्रयार्थींना हॉटेलांत ठेवण्याची व्यवस्था खर्चिक आहे आणि अर्जांच्या निकालास लागणारा विलंब अक्षम्य आहे, हे मला मान्य आहे; परंतु तो खर्च गृहखाते ठेकेदारांमार्फत करते, आणि अर्ज प्रलंबित असलेल्या आश्रयार्थीस काउन्सिलचे घर मिळतच नाही. सफाई कामगाराच्या वाट्याचे घर नाहीसे झाले ते निराळ्याच कारणाने. १९८० च्या कायद्याने काउन्सिलची घरे भाडेकरूंना सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला, तेव्हापासून सुमारे २० लक्ष घरे विकली गेली, आणि त्यांच्या जागी नवी फारच थोडी उभी राहिली. आज एकट्या इंग्लंडमध्ये १ लक्षाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढीत आहेत. सुदानी तरुणाला उद्या परत धाडले, तरी या हिशेबात एका विटेचीही भर पडणार नाही.

काउन्सिलचे घर नसेल, तर बाकावरच्या त्या दोघांपुढे खासगी भाड्याचे घर हाच मार्ग उरतो. आपल्या सभासदांपैकी अनेकांनी कष्टाच्या कमाईतून दुसरे घर घेऊन ते भाड्याने दिले आहे. सरकारी मदतीवर गुजराण करणारा भाडेकरू नको, अशी तोंडी ताकीद दलालाला देऊन ठेवण्याचा प्रघात आपल्यातही आहे, आणि त्या एका ताकिदीने बाकावरच्या दोघांनाही दार बंद होते. ज्यांनी ती दिली असेल, त्यांनी दिवाळीपूर्वी दलालाला फोन करून ती मागे घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.