नौकेवर नजर हवी, पण नोंदींवर हक्क मच्छीमाराचा

मालवण, देवगड आणि वेंगुर्ले किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार गेली अनेक वर्षे एक मागणी सातत्याने करत आहेत. बंदी असलेल्या क्षेत्रात शिरणाऱ्या पर्ससीन नौकांवर, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आणि परराज्यांतून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरवर शासनाने लक्ष ठेवावे, ही ती मागणी. कायद्यांची वानवा कधीच नव्हती. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा आहे, फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधने आली आणि २०२१च्या दुरुस्तीने दंड वाढले. अडचण पुराव्याची होती. अमुक नौका अमुक वेळी बंदी असलेल्या पाण्यात होती, हे गस्तीनौका तिथे पोहोचल्याशिवाय सिद्ध होत नसे. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोन आणले. त्याआधी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये एका मोठ्या योजनेचा प्रारंभ झाला. किनारपट्टीची राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १३ ठिकाणच्या एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ही योजना असून तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. वादळाचा इशारा खोल समुद्रात पोहोचावा आणि संकटातल्या नौकेला मदत मागता यावी, यासाठी हे यंत्र आवश्यकच आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र नौका कुठून कुठे गेली याची जी नोंद यंत्रामुळे दररोज तयार होणार, ती कोणाची, हा प्रश्न अजून चर्चेतही आलेला नाही. तो आत्ताच सोडवला पाहिजे.

ही नोंद साधी नाही. सुरमई कोणत्या हंगामात कोणत्या खडपाजवळ सापडते, बांगड्याचा थवा कोणत्या पाण्यात उतरतो, हे ज्ञान एकेका घराने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले असते आणि ते सहसा शेजाऱ्यालाही सांगितले जात नाही. नौकेच्या महिनाभराच्या फेऱ्या नकाशावर उमटल्या की हे ज्ञान कोणालाही वाचता येते. ते मोठ्या नौकांच्या मालकांच्या हाती गेले, तर छोट्या नौकेची रोजीरोटी तिच्या स्वतःच्याच नोंदीमुळे हिरावली जाईल. त्याच नोंदीतून मालक किती दिवस समुद्रात गेला नाही हेही कळते, आणि हे कर्ज देणाऱ्याला किंवा विमा कंपनीला उपयोगाचे आहे. नावे काढून एकत्रित आकडे दिले तर धोका नाही, असे यावर सांगितले जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने असाच नावे नसलेला जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. धावणाऱ्या सैनिकांच्या वाटांमुळे जानेवारी २०१८ मध्ये त्यावर लष्करी तळांच्या जागा उजेडात आल्या. वाटा ओळखायला नावे लागत नाहीत. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने २०२५ मध्ये राज्य शासनाच्या मार्व्हल कंपनीच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आहे. विखुरलेल्या नोंदी जुळवून निष्कर्ष काढणे हेच या तंत्राचे बळ असल्यामुळे, कोणती नोंद कशाशी जोडायची याची मर्यादा या जिल्ह्यात इतरांपेक्षा आधी ठरायला हवी.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यावर बंधन घालायचे तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटीही त्यातून आली. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. एकट्या मालकाच्या छोट्या नौकेची वाट ही त्या माणसाचीच वाट असते, म्हणून ती वैयक्तिक माहिती ठरते, असे माझे मत आहे. कंपनीच्या ट्रॉलरबाबत हा युक्तिवाद तितका टिकत नाही. पण याच अधिनियमाच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकते. तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. हे संरक्षण नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेच्या रचनेतच असायला हवे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असावे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता यावा, आणि नोंदींवरचा ताबा एकाच केंद्रात साचू नये.

मुक्तस्रोताचे महत्त्व मालवणच्या किनाऱ्यावर थेट न्यायाशी जोडलेले आहे. उद्या या यंत्राच्या नोंदीवरून एखाद्या मालकाला लाखोंचा दंड झाला, तर यंत्राने जागा बरोबर नोंदवली की नाही हे त्याला तपासता आले पाहिजे. बारा सागरी मैलांची हद्द सॉफ्टवेअरने कशी आखली, चूक किती मैलांची असू शकते, नोंद नंतर बदलता येते का, हे सारे कोड उघडा असल्याशिवाय सांगता येत नाही. उलट बाजूने पाहिले तरी हेच खरे आहे. ज्याने घुसखोर ट्रॉलरची तक्रार केली, त्या पारंपरिक मच्छीमारालाही नोंद मध्येच पुसली गेली नाही याची खात्री हवी असते. आरोपी आणि तक्रारदार या दोघांचाही ज्या यंत्रणेवर विश्वास बसू शकतो, तीच न्यायालयात टिकते. शासनाला हे अशक्य नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. आरोग्य सेतू अ‍ॅप एप्रिल २०२० मध्ये आले. खासगीपणाबद्दल आक्षेप वाढल्यावर मे महिन्यात नोंदी सामान्यतः १८० दिवसांपेक्षा जास्त न ठेवण्याची मर्यादा ठरली आणि त्याच महिन्यात अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला. लोकांनी विचारले, म्हणून हे घडले.

कोड उघडा केला की तो भेदणेही सोपे होईल, असा आक्षेप घेतला जातो. सुरक्षाशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. यंत्रणेची रचना शत्रूला ठाऊक असली तरी ती सुरक्षित राहावी, गुपित फक्त चावीत असावे, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहॉफ्स या डच भाषाशास्त्रज्ञाने १८८३ मध्येच मांडले. सिग्नल या संदेश अ‍ॅपचा कोड जगासमोर आहे, त्याची कूटपद्धत व्हॉट्सअ‍ॅपनेही घेतली आणि ती आज सर्वांत भरवशाच्या पद्धतींपैकी गणली जाते. अनेक जाणकारांनी वाचलेल्या कोडमधली चूक लवकर सापडण्याची शक्यता असते. बंद कोडमधली चूक मात्र आधी कोणाला सापडेल, ते नशिबावर अवलंबून राहते.

ताबा विभागण्याचा मुद्दा अधिक अवघड आहे. आपत्तीच्या वेळी नौका या क्षणी कुठे आहे हे तटरक्षक दलाला तत्काळ कळलेच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण मागच्या महिन्याच्या वाटा उघडून पाहण्याचा अधिकार एका कार्यालयाच्या एका पासवर्डवर असू नये. बँकेच्या लॉकरला जशा दोन चाव्या लागतात, तशी या जुन्या नोंदींची कूटचावी विभागता येते. एक भाग मालवणच्या सहाय्यक मत्स्यव्यवसाय आयुक्त कार्यालयाकडे आणि दुसरा मालक सभासद असलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असावा. हद्द ओलांडल्याची सूचना यंत्राने आपोआप द्यावी आणि तेवढ्या काळाची नोंद विभागाला परस्पर मिळावी. त्यापलीकडची वाट हवी असेल, तर लेखी कारण देऊन दोन्ही चाव्या लागाव्यात आणि नोंद कोणी, कधी उघडली हे मालकाला कळावे. चावीचे भाग करण्याची गणिती पद्धत १९७९ पासून उपलब्ध आहे.

यावर एक खरा, गावातून येणारा आक्षेप आहे. सर्वांत जवळचा स्पर्धक त्याच संस्थेत बसलेला असतो, आणि संस्थांमध्ये गटबाजी असते. ताबा गावाकडे दिला तर खासगीपणा वाढण्याऐवजी घटेल. हा धोका आहे, आणि म्हणूनच संस्थेला नोंद द्यायची नाही. तिच्याकडे फक्त अर्धी चावी असेल, जिने एकटीने काहीच वाचता येत नाही. संस्थेने विनाकारण अडवणूक केली तर न्यायाधीशाकडे दाद मागण्याची सोय ठेवता येईल. संस्थांना हे पेलणार नाही, असेही म्हटले जाईल. याच संस्था डिझेल परताव्याचे हिशेब सांभाळत आल्या आहेत. तांत्रिक बाजू शासनाने उभी करून द्यावी, निर्णयाचा अधिकार संस्थेकडे असावा. दक्षिण आफ्रिकेत लहान मच्छीमार आणि केप टाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून आबालोबी हे अ‍ॅप घडवले. त्यात मासळीची नोंद मच्छीमार स्वतः करतात आणि ती कोणाला दाखवायची हेही तेच ठरवतात. साधी माणसे आपल्या माहितीचा कारभार सांभाळू शकतात, हे तिथे दिसले आहे.

राष्ट्रीय सुरक्षेचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २६ नोव्हेंबर २००८चे हल्लेखोर कुबेर ही मासेमारी नौका बळकावून मुंबईपर्यंत आले, हे या किनाऱ्यावर कोणी विसरलेले नाही. पण त्या प्रसंगाचा धडा कोणता? संशयास्पद नौका तत्क्षणी ओळखता आली पाहिजे, हा. त्यासाठी नौकेची सध्याची जागा आणि ओळख लागते, आणि ती या रचनेत सुरक्षा दलांना मिळतेच. हजारो प्रामाणिक नौकांच्या वर्षानुवर्षांच्या वाटा सर्व खात्यांना खुल्या ठेवल्याने सुरक्षा वाढत नाही, गळतीची शक्यता मात्र वाढते. किनाऱ्यावरच्या नौकांचे तपशीलवार वेळापत्रक चोरीला गेले, तर ते आधी घुसखोराच्याच कामी येईल.

मग सारेच झाकून ठेवायचे का? नाही. इंडोनेशियाने २०१७ मध्ये आपल्या मासेमारी नौकांच्या वाटा ग्लोबल फिशिंग वॉच या खुल्या मंचावर दिल्या आणि बेकायदा मासेमारीवर जगाची नजर बसली. मोठ्या व्यापारी नौकांसाठी ते योग्य आहे. आपल्याकडे गिलनेटची छोटी नौका आणि शक्तिशाली पर्ससीन यांना एकच नियम लावला, तर दुबळ्याचे गुपित उघडे पडेल आणि बलवान मात्र गर्दीत लपेल. म्हणून हद्दभंगाच्या किती सूचना आल्या, किती कारवाया झाल्या, किती दंड वसूल झाला, हे दर महिन्याला जाहीर व्हावे. शासनाचे काम जनतेला दिसावे आणि नागरिकाची वाट त्याच्यापाशी राहावी. आजवर बहुतेक वेळा याच्या उलट होत आले आहे.

योजनेची यंत्रे नौकांवर चढत असताना आणि डेटा संरक्षण कायद्याच्या जबाबदाऱ्या अजून लागू व्हायच्या असताना हा काळ हातचा घालवू नये. सिंधुदुर्गातल्या मच्छीमार संस्थांनी आपल्या सर्वसाधारण सभांत ठराव करून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात: सॉफ्टवेअरचा कोड खुला करणे, जुन्या नोंदींची मुदत ठरवणे, चावीचा अर्धा वाटा संस्थेला देणे आणि कारवाईचा मासिक अहवाल प्रसिद्ध करणे. अवैध मासेमारीविरुद्ध लढताना या किनाऱ्याने संघटनेचे बळ दाखवले आहे. यंत्र बसवून घेण्याच्या संमतीबरोबरच या अटी मांडल्या, तर नौकेची सुरक्षा आणि मच्छीमाराचा हक्क यांतले एक निवडण्याची वेळ येणार नाही.