वणवा, हेलिकॉप्टर आणि खालचा माणूस

मार्च 2023 मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा हवाई दलाची एमआय-17 आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन डोंगरावर घिरट्या घालत होती. टीव्हीवर ते पाहून आमच्या वॉर्डातल्या एका रुग्णाच्या मुलाने विचारले, ‘‘डॉक्टर, एवढे पाणी वरून ओतल्यावर आग विझलीच म्हणायची ना?’’ प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे.

हेलिकॉप्टरखाली लोंबकळणाऱ्या त्या घडीच्या बादलीला बांबी बकेट म्हणतात. आपल्या हवाई दलाच्या बादलीत सुमारे 3,500 लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर साधारण दहा-बारा हजार लिटरचा असतो, म्हणजे एका खेपेला त्याचा तिसरा हिस्सा. एप्रिल 2024 मध्ये नैनितालजवळच्या आगीसाठी भीमताल तलावातून पाणी उचलले गेले. तलाव असा जवळ असला तर खेपा भराभर होतात. लांब असला तर दोन खेपांच्या मधल्या वेळात आग पुन्हा डोके वर काढते.

कॅलिफोर्नियातील ‘फायरहॉक’ हेलिकॉप्टर याच्या पुढचे. त्याच्या पोटालाच सुमारे 3,800 लिटरची टाकी असते आणि खाली सोडलेली सोंड ती मिनिटाभरात भरते. रात्रीही ते उडते. तरीही 7 जानेवारी 2025 च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये वारा इतका पिसाट होता की विमाने, हेलिकॉप्टरे जमिनीवरच ठेवावी लागली. नेमकी सर्वाधिक गरज असताना!

वरून पडलेले पाणी ज्वाळांची उंची कमी करते, आच थोपवते आणि खालच्या माणसांना जवळ जाण्याइतकी सवड देते. सलाइन लावले की रक्तदाब सावरतो. रक्तस्राव थांबवायला हात घालावाच लागतो, तसेच हे. पालापाचोळा दूर करून जाळरेषा काढणे, धुमसणारे ओंडके शोधून विझवणे हे काम माणूसच करतो. आपल्याकडे तो बहुधा हंगामी वनमजूर असतो. हातात ब्लोअर, नाहीतर ओल्या फांद्या. तोंडाला गमछा.

माझी काळजी या गमछ्याची आहे. धुरातील अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण कापडातून आरपार जातात आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. दक्षिण कॅलिफोर्नियातील 2021 च्या एका अभ्यासात या कणांचे हवेतील प्रमाण घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमने वाढले, तर श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण किती वाढते, हे पाहिले गेले. कण वणव्याचे असतील तर ही वाढ 1.3 ते 10 टक्के होती. इतर स्रोतांचे असतील तर 0.67 ते 1.3 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचे काम कर्करोगकारक ठरवले. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे, त्याच पहिल्या गटात.

आमच्या ओपीडीत उन्हाळ्यात खोकल्याने बेजार झालेले जंगलालगतचे लोक येतात. ‘काम काय करता?’ असे विचारले की ‘मजुरी’ एवढेच सांगतात आणि रांग लांब असल्याने आम्हीही पुढचे विचारत नाही. मीही कित्येकदा विचारलेले नाही. मागे एकाच्या तोंडून सहज निघाले, की आठवडाभर डोंगरावर आग विझवत होता. केसपेपरवर तोवर ‘ॲलर्जी’ लिहून झाले होते.

हेलिकॉप्टर हवेच. दुर्गम कड्यावर दुसरा इलाज नसतो. पण त्याच्या एका तासाच्या उड्डाणाला लागणाऱ्या पैशांत किती मजुरांना एन-95 मास्क, चष्मे, बूट मिळतील, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात, चढावर मास्क लावून काम करणे जिवावर येते, हेही खरे. म्हणून पाळ्या छोट्या हव्यात, धुरापासून दूर विसाव्याची जागा हवी आणि दमा वा हृदयविकार असलेल्याला या कामावर धाडताच कामा नये.

ते कळायचे तर आधी तपासावे लागेल. आपल्याकडे वणव्यांचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. वन विभागाने जानेवारीतच मजुरांची यादी रुग्णालयाकडे द्यावी. स्पायरोमीटरवर फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायला माणशी पंधरा-वीस मिनिटे लागतात. तीच तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा केली, तर धुराने काय नेले ते आकड्यांत दिसेल.